‘ईच अदर’ची तीच चूक पुन्हा पुन्हा का होते आणि ती मुळातून कशी काढायची

‘वुई टॉक ईच अदर डेली.’ ‘दे मॅरीड विथ ईच अदर.’ ‘वुई एक्स्चेंज्ड ईच अदर्स नंबर.’ ‘आय नो ईच अदर विथ हिम सिन्स स्कूल.’

ही चारही वाक्यं चुकीची आहेत आणि चारही मी वरचेवर वाचतो: नोकरीच्या अर्जांत, ऑफिसच्या ईमेलमध्ये, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांत. लिहिणारे इंग्रजीत कच्चे असतात असंही नाही. काळ अचूक असतात, शब्द चांगले असतात, फक्त ‘एकमेकां’चा विषय निघाला की गाडी अडते. कोणी तरी दुरुस्त करून देतं, ‘इथे टू हवं’, ‘इथे विथ नको’. ते वाक्य सुधारतं. पुढच्या आठवड्यात दुसरं क्रियापद येतं आणि चूक पुन्हा हजर. उत्तर मिळतं, कारण मिळत नाही, म्हणून हे असं होत राहतं. हा लेख त्या कारणासाठी आहे.

इंग्रजीत परस्परवाचक सर्वनामं, ज्यांना शाळेत रेसिप्रोकल प्रोनाउन म्हणतात, फक्त दोन आहेत: ‘ईच अदर’ आणि ‘वन अनदर’. दोनच शब्दप्रयोग, त्यांना लिंग नाही, पुरुष नाही. मराठीत दोघी बहिणी ‘एकमेकींना’ भेटतात आणि दोघे भाऊ ‘एकमेकांना’. इंग्रजीत तोही फरक नाही. मग इतक्या सोप्या गोष्टीत इतका गोंधळ का?

चुकीचं मूळ

आपला शब्द नीट पाहा. एकमेकांना, एकमेकांशी, एकमेकांवर, एकमेकांचा, एकमेकांकडे. मराठीत हा शब्द मोकळा कधी येतच नाही, त्याला काही ना काही चिकटलेलं असतं. शिवाय ‘कां’ या अक्षरातला अनुस्वार अनेकवचन सांगतो. म्हणजे मराठी बोलणाऱ्याच्या डोक्यात हा एकच शब्द तीन कामं करत असतो: दोन्ही बाजू दाखवतो, अनेकवचन दाखवतो आणि क्रियापदाशी नातंही दाखवतो.

इंग्रजीतला ‘ईच अदर’ यांतलं फक्त पहिलं काम करतो. अनेकवचन कर्त्यात असतं. नातं क्रियापदाकडे असतं: त्याला प्रिपोझिशन लागत असेल तर ते वेगळं लिहावं लागतं, लागत नसेल तर काहीच लिहायचं नसतं. आपण ‘एकमेकांशी’ हा अख्खा शब्द उचलून त्या जागी ‘ईच अदर’ ठेवतो आणि ‘शी’ वाटेत हरवतो. किंवा ‘शी’ म्हणजे ‘विथ’ असं पक्कं धरून जिथे काही नको तिथे ‘विथ’ घालतो. ‘कां’तला अनुस्वार ‘अदर्स’चा शेवटचा ‘स’ होऊन बाहेर पडतो. वरच्या चार वाक्यांतल्या पहिल्या तिन्ही चुका इथूनच आल्या आहेत.

एक चाचणी, जी बहुतेक चुका पकडते

‘एकमेकां’चं वाक्य दोन साध्या वाक्यांत फोडा, आणि हे फोडणं इंग्रजीतच करा. मराठीत फोडून उपयोग नाही, कारण चूक भाषांतरातच शिरते.

समजा लिहायचं आहे, ‘राम आणि श्याम एकमेकांशी रोज बोलतात.’ आधी मनात म्हणा: ‘राम टॉक्स टू श्याम. श्याम टॉक्स टू राम.’ आता दोन्ही नावं कर्त्याच्या जागी न्या आणि क्रियापदानंतरच्या नावाच्या जागी ‘ईच अदर’ ठेवा. बाकी कशालाही हात लावू नका. ‘राम अँड श्याम टॉक टू ईच अदर एव्हरी डे.’ नावाच्या आधी ‘टू’ होतं, ते तिथेच राहिलं. ‘टॉक्स’चा ‘स’ गेला, कारण कर्ता आता दोघांचा झाला.

‘राम टॉक्स श्याम’ असं कोणी म्हणत नाही. कानाला ते लगेच खटकतं. ‘वुई टॉक ईच अदर’ मात्र खटकत नाही, कारण ‘ईच अदर’च्या आत ‘शी’ आहे असं आपल्याला नकळत वाटत असतं. नाव घातलं की तो भास जातो. या चाचणीचं सगळं बळ एवढ्याच गोष्टीत आहे.

प्रिपोझिशन गळतं किंवा फुकट येतं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘एकमेकांशिवाय’, ‘एकमेकांसाठी’, ‘एकमेकांसमोर’, ‘एकमेकांच्या शेजारी’ या प्रयोगांत लोक सहसा चुकत नाहीत. ‘विदाउट ईच अदर’, ‘फॉर ईच अदर’, ‘नेक्स्ट टू ईच अदर’ बरोबर येतं. ‘शिवाय’ किंवा ‘साठी’ला स्वतःचा अर्थ आहे, त्यामुळे भाषांतर करताना तो दिसतो. चुका होतात त्या ‘ना’, ‘शी’, ‘वर’, ‘ची’ या चौघांपाशी. त्यांना स्वतःचा ठाम अर्थ नसतो, मराठी क्रियापद सांगेल तसे ते येतात. इंग्रजी क्रियापद वेगळं काही सांगत असतं.

‘शी’ घ्या. एकमेकांशी बोलतात, इथे ‘टॉक टू’. एकमेकांशी खोटं बोलतात, ‘लाय टू’. एकमेकांशी भांडतात, ‘क्वॉरल विथ’. एकमेकांशी सहमत आहेत, ‘अग्री विथ’. आणि एकमेकांशी लग्न केलं, तर नुसतं ‘मॅरीड ईच अदर’, मध्ये काही नाही. ‘राम मॅरीड सीता’ हे वाक्य आठवलं की ‘मॅरीड विथ’ लिहायला हात धजणार नाही. ‘लग्न झालेलं आहे’ ही स्थिती सांगायची असेल तर मात्र ‘राम इज मॅरीड टू सीता’, म्हणून ‘दे आर मॅरीड टू ईच अदर’. एकाच शब्दाभोवतीचे हे दोन प्रयोग पाठ करत बसू नका, फोडलेलं वाक्य ते आपोआप सांगतं.

‘वर’ अधिक फसवा आहे, कारण तो ‘ऑन’ची आठवण करून देतो. एकमेकांवर प्रेम करतात: ‘लव्ह ईच अदर’. एकमेकांवर विश्वास आहे: ‘ट्रस्ट ईच अदर’. ‘ट्रस्ट ऑन ईच अदर’ ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे. एकमेकांवर अवलंबून आहेत: इथे मात्र ‘डिपेंड ऑन ईच अदर’. एकमेकांवर ओरडले: ‘शाउटेड अॅट ईच अदर’. एकमेकांवर रागावले आहेत: ‘आर अँग्री विथ ईच अदर’. एकमेकांवर आरोप केले: ‘अक्यूज्ड ईच अदर’, आणि कशाचा आरोप ते सांगायचं तर पुढे ‘ऑफ’. मराठीत सहाही ठिकाणी तोच ‘वर’, इंग्रजीत कधी ‘ऑन’, कधी ‘अॅट’, कधी ‘विथ’, कधी काहीच नाही.

‘ना’चंही तेच. एकमेकांना मदत करतात, ‘हेल्प ईच अदर’. एकमेकांना फोन केला, ‘कॉल्ड ईच अदर’. या दोन्हींत ‘टू’ घालणारे खूप आहेत, कारण शाळेत ‘ला, ना म्हणजे टू’ असं शिकवलेलं असतं. उलट एकमेकांना हसले, ‘लाफ्ड अॅट ईच अदर’, आणि एकमेकांना घाबरतात, ‘आर अफ्रेड ऑफ ईच अदर’, इथे प्रिपोझिशन लागतंच. सांगण्याच्या क्रियापदांत तर शेजारी शेजारी दोन तऱ्हा आहेत: ‘टोल्ड ईच अदर’, पण ‘सेड टू ईच अदर’ आणि ‘एक्स्प्लेन्ड इट टू ईच अदर’. भेटवस्तूंच्या वाक्यात दोन्ही तऱ्हा चालतात, ‘गेव्ह ईच अदर गिफ्ट्स’ आणि ‘गेव्ह गिफ्ट्स टू ईच अदर’, कारण ‘राम गेव्ह श्याम अ गिफ्ट’ आणि ‘राम गेव्ह अ गिफ्ट टू श्याम’ दोन्ही बरोबर आहेत.

‘ची’ची फसवणूक वेगळीच आहे. आपण एकमेकांची वाट पाहतो, एकमेकांची माफी मागतो, एकमेकांची काळजी घेतो. मराठीत ही षष्ठी, म्हणून हात ‘ईच अदर’स’ लिहायला जातो. इंग्रजीत मात्र ‘वेटेड फॉर ईच अदर’, ‘अपॉलजाइज्ड टू ईच अदर’, ‘टेक केअर ऑफ ईच अदर’. यातल्या एकाही ठिकाणी मालकी नाही, त्यामुळे अपॉस्ट्रॉफीही नाही.

ज्या क्रियापदाचं प्रिपोझिशनच माहीत नाही, तिथे ही चाचणी काय करणार? तिथे ती एवढं सांगते की अडचण ‘ईच अदर’ची नाही, क्रियापदाची आहे. मग शब्दकोशात ते क्रियापद काढा आणि त्याखालचं उदाहरणवाक्य वाचा. ‘ईच अदर’चे नियम चाळण्यात वेळ घालवू नका.

‘ईच अदर्स’, ‘ईच अदर्स’ आणि ‘ईच अदर’स’

पहिले दोन ऐकायला सारखे आहेत, लिहायलाही इथे सारखेच दिसतात. इंग्रजीत त्यांतल्या एकात अपॉस्ट्रॉफी नसते आणि दुसऱ्यात ती शेवटच्या ‘एस’च्या नंतर येते. दोन्ही चूक. मालकी दाखवायची असेल तर अपॉस्ट्रॉफी ‘अदर’ आणि ‘एस’ यांच्या मधोमधच हवी, माणसं दोन असोत की दोनशे. अनेकवचन कर्त्याने सांगून झालेलं आहे, ‘ईच अदर’ला अनेकवचन होत नाही. हेच ‘वन अनदर’स’लाही लागू.

फोडून पाहा: ‘राम टुक श्याम’स नंबर.’ ‘श्याम’च्या जागी ‘ईच अदर’ ठेवा, अपॉस्ट्रॉफी आपल्या जागी आपोआप राहते. पुढचं नाम एकवचनी ठेवायचं की अनेकवचनी, याबद्दल फार घोर करू नका. ‘दे टुक ईच अदर’स नंबर्स’ जास्त दिसतं, एकवचनही चालतं. आणि दोन शब्द जोडून एक करू नका, ते सुटेच लिहायचे असतात.

दुसरी बाजू गायब

‘आय नो ईच अदर विथ हिम’ हे वाक्य फोडायला घ्या. ‘आय नो हिम’ मिळेल. दुसरं वाक्य, ‘ही नोज मी’, कुठून आणायचं? कर्त्यात ‘मी’ एकटाच आहे. चाचणी इथेच अडते आणि तीच खूण आहे: ‘ईच अदर’ कर्त्याकडे बोट दाखवत असेल तर तो कर्ता अनेकवचनी किंवा ‘अँड’ने जोडलेला हवा. ‘ही अँड आय हॅव नोन ईच अदर सिन्स स्कूल.’

ही चूक मराठीच्या एका सुंदर सवयीतून येते. आपण म्हणतो, ‘माझी त्याची शाळेपासूनची ओळख आहे’, ‘माझं तिच्याशी बोलणं होतं’. या वाक्यांत कर्त्याच्या जागी ओळख किंवा बोलणं असतं, माणसं बाजूला उभी असतात. इंग्रजीत माणसांना पुढे आणून कर्ता करावं लागतं. एकदा ‘वुई’ किंवा ‘ही अँड आय’ने वाक्य सुरू केलं की पुढचं सरळ होतं. ‘आय मेट ईच अदर विथ माय फ्रेंड’ लिहिणाऱ्यांनीही हेच करावं. ‘राम अलाँग विथ श्याम’ असा कर्ता असेल तरी चालणार नाही, कारण व्याकरणात तिथे कर्ता एकटा रामच राहतो. ‘अँड’ लागतो.

याच्या उलट चूक म्हणजे ‘ईच अदर’लाच कर्ता करणं. मराठीत ‘एकमेकांनी एकमेकांना समजून घ्यावं’ असं सहज बोललं जातं. इंग्रजीत ‘ईच अदर शुड अंडरस्टँड ईच अदर’ होत नाही. ‘दे शुड अंडरस्टँड ईच अदर’ म्हणा. किंवा जोडी तोडा: ‘ईच शुड अंडरस्टँड दि अदर’. जोडी तोडली तर मात्र पूर्ण तोडा. ‘ईच ऑफ देम हेल्प्स ईच अदर’ हे अर्धवट तुटलेलं वाक्य आहे. ‘ईच ऑफ देम’ एकेकट्याबद्दल बोलतो, म्हणून पुढे ‘दि अदर’ हवं, माणसं जास्त असतील तर ‘दि अदर्स’. क्रियापद एकवचनी कधी, हेही इथेच कळतं: ‘ईच’ एकटा कर्ता असेल तर ‘हेल्प्स’, कर्ता ‘दे’ असेल तर ‘हेल्प’. ‘ईच अदर’मध्ये ‘ईच’ दिसला म्हणून ‘दे हेल्प्स ईच अदर’ लिहू नका.

ऑफिसमधल्या लोकांसाठी एक खास जागा: ‘अवर टीम सपोर्ट्स ईच अदर.’ टीम एक, मग एकमेकांना कोण? ब्रिटिश इंग्रजीत ‘टीम’ला अनेकवचनी क्रियापद चालतं, त्यामुळे ‘द टीम सपोर्ट ईच अदर’ तिकडे दिसतं. आपल्याकडचा वाचक त्याला चूक समजण्याची शक्यता जास्त. ‘द मेंबर्स ऑफ अवर टीम सपोर्ट ईच अदर’ लिहा, कुठेच प्रश्न येत नाही.

‘देमसेल्व्ह्ज’शी गल्लत

‘दे ब्लेम्ड देमसेल्व्ह्ज’ आणि ‘दे ब्लेम्ड ईच अदर’ यांत घर मोडण्याइतका फरक आहे. पहिल्यात दोघंही म्हणतात, चूक माझी. दुसऱ्यात दोघंही म्हणतात, चूक तुझी. फोडलं की लगेच दिसतं: ‘राम ब्लेम्ड राम’ आलं तर ‘देमसेल्व्ह्ज’, ‘राम ब्लेम्ड श्याम’ आलं तर ‘ईच अदर’.

मराठीत ‘स्वतःला’ आणि ‘एकमेकांना’ इतके वेगळे आहेत की खरं तर गल्लत व्हायला नको. होते ती ‘आपण’ आणि ‘आपापसात’ यांच्यामुळे. ‘त्यांनी आपापसात ठरवलं’ याचं इंग्रजी ‘दे डिसायडेड इट अमंग देमसेल्व्ह्ज’ असं बरोबर होतं. दोघंच असतील तर ‘बिट्वीन देमसेल्व्ह्ज’. इथे अर्थ देवाणघेवाणीचा असूनही ‘सेल्व्ह्ज’ येतो. हे पाहिलेला विद्यार्थी पुढे ‘दे हेल्प देमसेल्व्ह्ज’ लिहितो आणि त्याचा अर्थ निघतो की ते स्वतःची मदत स्वतःच करतात, जेवणाच्या टेबलावर तर स्वतःच्या हाताने वाढून घेतात. ‘अमंग’ आणि ‘बिट्वीन’ यांच्यापुरतंच ‘देमसेल्व्ह्ज’ला हे काम दिलेलं आहे असं धरून चाला.

याच ठिकाणी उलट चूकही सापडते: ‘देअर इज अ डिफरन्स बिट्वीन ईच अदर.’ फोडायला गेलात तर ‘बिट्वीन श्याम’ मिळतं, आणि एकट्या श्यामच्या ‘मध्ये’ काही असू शकत नाही. म्हणून ‘बिट्वीन देम’ किंवा ‘बिट्वीन द टू’.

‘आपापले’ हा तिसरा भिडू. ‘ते आपापल्या घरी गेले’ आणि ‘ते एकमेकांच्या घरी गेले’ यांत माणसं वेगवेगळ्या दारांत उभी राहतात. पहिल्याला ‘दे वेंट टू देअर ओन होम्स’, दुसऱ्याला ‘दे वेंट टू ईच अदर’स होम्स’. दोन्ही सर्वनामं एकाच वाक्यात आपापलं काम करताना बघायची असतील तर हे वाक्य लक्षात ठेवा: ‘दे इंट्रोड्यूस्ड देमसेल्व्ह्ज टू ईच अदर.’ प्रत्येकाने ओळख करून दिली ती स्वतःची, आणि करून दिली ती समोरच्याला. हे वाक्य नीट समजलं की गल्लत संपलीच.

दोघांसाठी ‘ईच अदर’, जास्त असतील तर ‘वन अनदर’?

हा नियम शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केला आहे, आणि याच्यावरून वाद घालण्यात लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. म्हणून स्पष्ट लिहितो: जिवंत इंग्रजीत हा नियम पाळला जात नाही आणि कधी सरसकट पाळला गेलेलाही नाही.

1776 चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा पाहा. त्यावर 56 जणांच्या सह्या आहेत. त्याच्या शेवटच्या वाक्यात सह्या करणारे आपलं आयुष्य, संपत्ती आणि प्रतिष्ठा पणाला लावतात ते ‘वुई म्युच्युअली प्लेज टू ईच अदर’ अशा शब्दांत. माणसं छप्पन, शब्द ‘ईच अदर’. जाता जाता त्यातला ‘टू’ही पाहून ठेवा.

दोन आणि जास्त असा भेद सांगणारा नियम 1785 च्या एका इंग्रजी व्याकरणात आढळतो, म्हणजे जाहीरनाम्यानंतर. पुढे तो व्याकरणांतून व्याकरणांत उतरत गेला. 1926 मध्ये इंग्रज कोशकार हेन्री फाउलर यांनी तो साफ नाकारला: या भेदाचा आज काही उपयोग नाही आणि जुन्या वापराचा त्याला आधारही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आजचे बहुतेक मोठे कोश आणि व्याकरणं त्याच बाजूची आहेत.

मग दोघांत काहीच फरक नाही का? आहे, पण तो संख्येचा नाही, सुराचा आहे. बोलण्यात ‘ईच अदर’ कितीतरी जास्त येतो. ‘वन अनदर’ थोडा औपचारिक, थोडा गंभीर वाटतो. सर्वसामान्य तत्त्व सांगताना, आवाहन करताना तो शोभतो. 1945 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेत लोक ‘इन पीस विथ वन अनदर’ राहण्याचा निर्धार करतात. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात माणसांनी ‘टुवर्ड्‌स वन अनदर’ बंधुभावाने वागावं असं म्हटलं आहे. याच कलमाची सुरुवात ‘ऑल मेन’ अशी होणार होती, ती ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करून घेण्याचं श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिलं जातं. आपल्याकडच्या एका बाईने ज्या वाक्याला अधिक माणसांचं केलं, त्याच कलमातला ‘वन अनदर’ उदाहरण म्हणून लक्षात ठेवायला मला आवडतो.

परीक्षेचं काय करायचं? एमपीएससी, स्टाफ सिलेक्शन किंवा बँकेच्या परीक्षेत रिकामी जागा असेल, पर्यायांत दोन्ही असतील आणि वाक्यात ‘द टू सिस्टर्स’ किंवा ‘ऑल द फाइव्ह फ्रेंड्स’ असं मुद्दाम सांगितलेलं असेल, तर जुना नियम पाळा: दोघांना ‘ईच अदर’, जास्त जणांना ‘वन अनदर’. या नियमाने लिहिलेलं वाक्य कोणाच्याच मते चुकीचं ठरत नाही, त्यामुळे यात तोटा नाही. पण दुसऱ्याच्या ईमेलमधला ‘वुई ऑल हेल्प ईच अदर’ लाल रेघेने खोडू नका. तो बरोबर आहे.

जिथे ‘ईच अदर’ लागतच नाही

काही क्रियापदांच्या पोटातच देवाणघेवाण असते. ‘दे मेट इन पुणे’, ‘दे हग्ड’, ‘दे क्वॉरल्ड’, ‘दे गॉट मॅरीड’. इथे ‘ईच अदर’ घातलं (‘क्वॉरल्ड’नंतर ‘विथ’ आणि ‘गॉट मॅरीड’नंतर ‘टू’ घेऊन) तर चूक नाही, पण ते गाळलेलं जास्त नैसर्गिक वाटतं. ‘लव्ह’, ‘नो’, ‘हेल्प’, ‘ट्रस्ट’ यांच्यापुढून मात्र ते गाळता येत नाही. ‘दे लव्ह’ म्हटलं की ऐकणारा ‘कोणाला?’ विचारतो.

‘म्युच्युअली’ आणि ‘ईच अदर’ एकत्र घेऊ नका. वरच्या जाहीरनाम्यात ते एकत्र आहेत, पण शपथेच्या भारदस्त भाषेला जे शोभतं ते ऑफिसच्या ईमेलमध्ये जड होतं. ‘बोथ लव्ह ईच अदर’ हेही तसंच. ‘बोथ’ दोघांना सुटं सुटं मोजतो, ‘ईच अदर’ त्यांना बांधतो, त्यामुळे ‘दे लव्ह ईच अदर’ किंवा ‘द टू ऑफ देम लव्ह ईच अदर’ जास्त स्वच्छ.

जिथे चाचणी चालत नाही

‘द प्लेट्स वेअर पाइल्ड ऑन टॉप ऑफ ईच अदर.’ फोडून पाहा: पहिली ताटली दुसरीवर, आणि दुसरी पहिलीवर? शक्यच नाही. तरी वाक्य पूर्ण बरोबर आहे. रांग, चळत, पाठोपाठ येणं अशा साखळीच्या अर्थात इंग्रजी एवढंच मागते की प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूशी त्या नात्याने जोडलेली असावी. उलटं नातं ती मागत नाही. ‘फॉलोड ईच अदर’चंही तसंच. वर्गातल्या 40 मुलांबद्दल ‘दे हेल्प्ड ईच अदर’ म्हटलं तर प्रत्येकाने उरलेल्या 39 जणांना मदत केली असंही कोणी समजत नाही. म्हणून चाचणीने ‘असं घडूच शकत नाही’ असं सांगितलं, तर आधी वाक्य साखळीचं आहे का ते बघा. प्रिपोझिशन आणि अपॉस्ट्रॉफीबद्दल ती सांगेल ते मात्र इथेही खरं असतं: ‘वन प्लेट ऑन टॉप ऑफ अनदर’, म्हणून ‘ऑन टॉप ऑफ’ तसंच राहिलं.

‘एकामागून एक’साठी ‘वन आफ्टर अनदर’ किंवा ‘वन आफ्टर दि अदर’ आहे, त्यात ‘ईच अदर’ आणू नका.

पॅसिव्ह व्हॉइसचा प्रश्न

शेवटी परीक्षार्थींना छळणारा प्रकार. ‘दे लव्ह ईच अदर’ याचा पॅसिव्ह करा असं आलं की साच्यातून ‘ईच अदर इज लव्ह्ड बाय देम’ बाहेर पडतं. ते चूकच, कारण ‘ईच अदर’ कर्त्याच्या जागी जाऊन बसला आणि ज्यांच्याकडे तो बोट दाखवतो ते वाक्याच्या शेवटी गेले. ‘दे आर लव्ह्ड बाय ईच अदर’ व्याकरणात बसतं, पण सहज बोलण्यात असं फारसं कोणी म्हणत नाही. बहुपर्यायी प्रश्नात ‘पॅसिव्ह होत नाही’ किंवा ‘बदल नाही’ असा पर्याय असेल तर तो निवडा. तसा पर्याय नसेल तर ‘दे’ने सुरू होणारा निवडा. ‘ईच अदर’ने सुरू होणारा पर्याय दिसला की तो सगळ्यात आधी खोडा.